आधी प्रश्न, मग तपासणी

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, पॅथॉलॉजी लॅबच्या दारांवर नव्या पाट्या लागतात. 'फीवर प्रोफाइल', 'मान्सून पॅकेज' अशी त्यांची नावे. एकदा रक्त दिले की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो, रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंड, सगळ्यांचे रिपोर्ट एकदम. सुट्या तपासण्यांपेक्षा पॅकेज स्वस्त पडते. ताप आलेल्या मुलाच्या आईवडिलांना वाटते, एकदाचे सगळे कळले म्हणजे काळजी मिटली.

या लेखात टीका करायची आहे ती एखाद्या लॅबवर किंवा डॉक्टरवर नाही, तर या पाट्यांमागच्या समजुतीवर: जितक्या तपासण्या जास्त, तितके ज्ञान जास्त. पाच वर्षांखालचे मूल घाईघाईने रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणले जाते तेव्हा ही समजूत खर्चिक तर असतेच, पण धोक्याचीही असते. चुकीच्या होकारामुळे नको ती औषधे सुरू होतात आणि चुकीच्या नकारामुळे हवी ती लांबतात. हा विषय शिक्षकांसमोर मांडण्याचे कारण असे, की त्यामागचे गणित दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणापलीकडचे नाही. तिथे आपण नाणी, फासे आणि पत्ते यांच्यावर थांबतो. ते रिपोर्टच्या कागदापर्यंत नेता येते.

एकच चाचणी, दोन अर्थ

समजा, एका आजारासाठी एक चाचणी आहे. तो आजार असलेल्या १०० मुलांपैकी ९० जणांत ती होकारार्थी येते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांत नकारार्थी. चाचणी चांगली आहे असेच कोणीही म्हणेल.

आता ताप आलेल्या १००० मुलांची सरसकट ही चाचणी केली. त्यांतल्या फक्त ५० जणांना तो आजार आहे असे धरू. या ५० पैकी ४५ जणांची चाचणी होकारार्थी येईल. उरलेल्या ९५० मुलांना आजार नाही, पण त्यांच्यापैकी १० टक्के, म्हणजे ९५ जणांचीही चाचणी होकारार्थी येईल. एकूण होकार १४०, त्यांतले खरे ४५. म्हणजे हातात 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट असलेल्या तीन मुलांपैकी जेमतेम एकाला तो आजार आहे.

आता दुसरा गट घेऊ. डॉक्टरांनी मुलांना नीट तपासून, ताप कितव्या दिवसाचा आहे, वस्तीत कोणती साथ आहे, मूल साचलेल्या पाण्यातून चालले होते का, हे विचारून दाट शंका असलेली १००० मुले निवडली आहेत. त्यांतल्या ५०० जणांना आजार आहे असे धरू. आता खरे होकार ४५० आणि खोटे ५०. दहा होकारांपैकी नऊ खरे.

चाचणी तीच, लॅब तीच, यंत्र तेच. तरी एका ठिकाणी होकाराचा अर्थ 'बहुधा नाही' आणि दुसऱ्या ठिकाणी 'जवळजवळ नक्की'. फरक पडला तो रक्त काढण्यापूर्वी झालेल्या विचारामुळे. रोग्याला पाहणे, विचारणे, हात लावून तपासणे हे चाचणीच्या आधी उरकायचे उपचार नाहीत. रिपोर्टचा अर्थ त्यांच्यावर अवलंबून असतो. पॅकेजच्या पाटीवर नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

वीस चिठ्ठ्यांची पिशवी

दुसरी अडचण 'नॉर्मल' या शब्दात आहे. रिपोर्टवर आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. याचा अर्थ, धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के माणसे त्या मर्यादेबाहेर पडणारच.

हे वर्गात करून पाहता येईल. एका पिशवीत २० चिठ्ठ्या घ्या, १९ पांढऱ्या आणि एक लाल. प्रत्येक विद्यार्थ्याने एक चिठ्ठी काढायची, रंग लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची, आणि असे वीस वेळा करायचे. म्हणजे एका निरोगी मुलाच्या वीस तपासण्या झाल्या. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात निदान एकदा तरी लाल चिठ्ठी किती जणांना येईल? ०.९५ चा विसावा घात साधारण ०.३६ येतो. म्हणजे सुमारे १४ जणांना लाल चिठ्ठी येणार नाही आणि २६ जणांना येईल. प्रत्यक्षात रक्ताच्या तपासण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून हा आकडा थोडा कमी होतो. पण मुद्दा तोच राहतो. वीस तपासण्यांचे पॅकेज घेतलेल्या निरोगी मुलाच्या रिपोर्टवर काहीतरी ठळक अक्षरांत छापून येणे हेच अधिक संभवनीय आहे. मग त्या ठळक आकड्याचा शोध घ्यायला पुढची तपासणी, आणि तिच्यातून आणखी पुढची.

लहान मुलांच्या बाबतीत हा घोटाळा वाढतो, कारण मूल म्हणजे आखूड केलेला मोठा माणूस नव्हे. जन्मतः भरपूर असलेले हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांच्या बाळात नैसर्गिकरीत्या उतरते. पहिल्या काही वर्षांत पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट पेशींचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. हाडे वाढत असल्यामुळे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर मोठ्यांच्या मर्यादेच्या बरेच वर असते. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा मोठ्यांच्या असतील, तर ही तिन्ही बाळे निरोगी असूनही आजारी दिसतील.

रक्ताचाही हिशेब करू. बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. तीन किलोच्या बाळात २४० मिलिलिटर, चहाच्या दोन-तीन कपांएवढे. त्यातून ५ मिलिलिटर काढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सुमारे ८७ मिलिलिटर रक्त काढण्यासारखे आहे. गरज असेल तर तेही काढावेच लागते, पण 'काढतोच आहोत तर सगळेच पाहून घेऊ' हे इतके बिनखर्चाचे नसते.

कितवा दिवस?

पॅकेजमध्ये आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे वेळ. विडाल चाचणी घ्या. फर्नांड विडाल या फ्रेंच वैद्याने ती १८९६ साली मांडली. विषमज्वराच्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. पण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यात खरा विषमज्वर असूनही ती नकारार्थी येऊ शकते. उलट पूर्वी होऊन गेलेला आजार किंवा दुसऱ्याच जातीच्या जंतूंचा संसर्ग यांमुळे ती विषमज्वर नसताना होकारार्थी येते. ज्या भागात हा आजार नेहमीचा आहे, तिथे एकदाच केलेल्या विडालवर फारसा भरवसा ठेवता येत नाही; आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रतिपिंडे वाढताना दिसली तर काही अर्थ लागतो. प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्तातले जंतू वाढवून पाहणे, म्हणजे ब्लड कल्चर, हा अधिक विश्वासाचा मार्ग. मात्र तेही बरेच रुग्ण चुकवते आणि उत्तराला काही दिवस लागतात. असे असताना तापाच्या दुसऱ्या दिवशीच्या विडालवरून मुलाला 'टायफॉइड' ठरवणे हे शास्त्र नव्हे.

डेंग्यूच्या विषाणूचा एनएस-१ हा घटक तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो. प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर उपयोगी पडू लागते. आणि डेंग्यूत घरोघर चर्चा होते ती प्लेटलेटच्या आकड्याची. खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव झिरपून बाहेर जाण्याचा, आणि तो बहुधा ताप उतरू लागतो त्या सुमारास येतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, मूल अस्वस्थ किंवा मलूल होणे, हिरड्यांतून रक्त येणे, या खुणा पाहायच्या असतात. आकडा बरा आहे म्हणून निर्धास्त झालेल्या घरात त्या नजरेआड होतात.

लेप्टोचे उदाहरण तर मुंबईकरांच्या चांगल्याच लक्षात आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोची साथ पसरली. या आजाराची प्रतिपिंडे साधारण पाच ते सात दिवसांनंतर दिसू लागतात. औषध मात्र लवकर दिले तर अधिक उपयोगी. म्हणजे पहिल्या तीन दिवसांतला 'निगेटिव्ह' रिपोर्ट औषध थांबवायचे कारण होऊ शकत नाही. इथे 'पाण्यातून चालला होतात का?' हा प्रश्न यंत्रापेक्षा लवकर उत्तर देतो. सन २००० च्या पावसाळ्यात मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासातही पुराच्या पाण्याशी आलेला संबंध हा निदानाचा महत्त्वाचा धागा ठरला होता.

चांगली चाचणी कशी असते?

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग तपासण्या नकोतच का? तसे नाही. मलेरिया कपाळाला हात लावून ओळखता येत नाही. पूर्वी आपल्याकडे ताप दिसला की आधी क्लोरोक्वीन देण्याची पद्धत होती. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की आधी रक्तात परजीवी आहे का ते पाहा आणि मग उपचार करा. काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर परजीवी आहे की नाही हे कळतेच, शिवाय तो व्हायव्हॅक्स आहे की फाल्सिपेरम हेही कळते, आणि दोघांची औषधे वेगळी आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी विनामूल्य होते. पावसाळ्यात मुंबईतल्या तापाच्या मुलासाठी ती जरूर करावी.

दुसरे उदाहरण त्याहून साधे आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. लगतच्या वस्त्यांत साप निघतात. घोणस किंवा फुरसे चावल्यास विषामुळे रक्त गोठण्याची शक्ती जाते. हे ओळखण्यासाठी सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालतात, नळी २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरकी करतात. रक्त गोठले नाही, तर प्रतिविष द्यायचे. नळी काचेचीच का? रक्ताचा काचेच्या पृष्ठभागाशी संबंध आला की गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत ती नीट सुरू होत नाही आणि चाचणी फसवते. या चाचणीलाही मर्यादा आहेत. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते, ते या नळीत दिसत नाही. तिथे पापण्या जड होणे, गिळता न येणे हेच पाहावे लागते. शिवाय पहिल्यांदा रक्त गोठले तरी काही वेळाने चाचणी पुन्हा करावी लागते.

या दोन्ही चाचण्यांत समान काय? प्रश्न नेमका आहे, उत्तर वेळेत येते आणि उत्तरावरून पुढची कृती बदलते. ज्या तपासणीचे उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार आहे, ती कॅज्युअल्टीत करण्याचे कारण शोधावेच लागेल.

डोळे, हात आणि वाळूचे घड्याळ

लहान मुलांच्या गंभीर आजारांत यंत्राविना निदानाचे नियम शोधून काढण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो विज्ञानाच्या वर्गात सांगायला हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या खेड्यांत न्यूमोनियाने मुले दगावत आणि क्ष-किरण यंत्र दूर असे. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होते, एका श्वासात कमी हवा मावते, म्हणून मूल भरभर श्वास घेते. हा साधा शरीरशास्त्राचा नियम मोजता येतो: दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी बंग यांनी मण्यांचे साधन बनवले. एका मिनिटाची वाळूची घडी सुरू करायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम राबवलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

या नियमात चुका होतात का? होतात. दम्यासारख्या घरघरीतही श्वास वाढतो, आणि काही मुलांना प्रतिजैविक विनाकारण मिळते. पण जिथे न्यूमोनिया चुकला तर मूल जाते, तिथे थोडे खोटे होकार पत्करणे शहाणपणाचे आहे. सीमारेषा कुठे आखायची हे कोणती चूक अधिक महाग पडते यावर ठरते. पॅकेज हा विचार करू शकत नाही.

रायगड जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले. उलट्या, दरदरून घाम, लाळ आणि गार पडलेले हातपाय या खुणा हृदयावरच्या संकटाची आधी सूचना देतात, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढे प्राझोसिन या औषधाने, विशेषतः लहान मुलांचे प्राण वाचवता येतात हे दाखवले. गार हात हीच तिथे चाचणी होती.

हे दुर्गम भागासाठी ठीक, शहरात यंत्रे असताना कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर यंत्रांनी गजबजलेल्या देशातून आले आहे. मूल पलंगावरून पडले की सीटी स्कॅन करावे का? उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास होऊन २००९ साली नियम प्रसिद्ध झाले. दोन वर्षांखालील मुलांसाठी सहा गोष्टी पाहायच्या: शुद्धीत फरक, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र टेंगूळ, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्धी, जोराचा अपघात किंवा सुमारे तीन फुटांहून उंचावरून पडणे, हाताला जाणवणारे कवटीचे हाड मोडणे, आणि 'मूल नेहमीसारखे वागत नाही' हे आईवडिलांचे म्हणणे. पडताळणीच्या गटातल्या १,१७६ मुलांत यांपैकी एकही गोष्ट नव्हती, आणि त्यांच्यापैकी एकालाही मेंदूची गंभीर इजा निघाली नाही. आईचे निरीक्षण इथे शास्त्रीय निकष म्हणून बसले आहे, हे लक्षात घ्यावे. सीटीच्या किरणांमुळे पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हे २०१२ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसले. धोका छोटा आहे; गरज असेल तेव्हा स्कॅन टाळू नये. पण 'खात्रीसाठी' म्हणून केलेल्या स्कॅनच्या हिशेबात तो धरायला हवा.

दुसरी बाजू

टीका करताना दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. 'आमच्या वेळचे डॉक्टर नुसती नाडी बघून सांगत' या आठवणीत त्यांच्या चुका मोजलेल्या नसतात. आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर नियम उलटा होतो. एवढ्या लहान बाळात गंभीर जंतुसंसर्गाच्या खुणा दडून राहतात. वरून बरे दिसणारे बाळही आतून आजारी असू शकते. तिथे रक्त, लघवी आणि गरज पडल्यास पाठीतले पाणीही तपासावे लागते, आणि उशीर करायचा नसतो. म्हणजे वय बदलले की आधीची संभाव्यता बदलते, चुकीची किंमत बदलते आणि म्हणून तपासण्याही बदलतात. गणित तेच आहे.

डॉक्टर जास्त तपासण्या का लिहितात, याला एकच कारण नाही. गर्दी असते, मुलाला तपासायला मिनिटे कमी पडतात. काही राहून गेले तर भांडण होईल ही भीती असते. काही ठिकाणी रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारा 'कट' असतो. त्याविरुद्ध राज्य शासनाने २०१७ साली कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. आणि आपणही कारण असतो. 'काहीच तपासणी नाही लिहिली, कसला डॉक्टर!' हे वाक्य आपल्याच घरात ऐकू येते.

वर्गात काय करता येईल?

चिठ्ठ्यांचा प्रयोग आणि १००० मुलांचे कोष्टक एका तासिकेत होते. दुसऱ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी जोडी करून एकमेकांचे श्वास आधी १५ सेकंद मोजून चारने गुणावेत, मग पूर्ण मिनिट मोजावेत. १५ सेकंदांत एका श्वासाची चूक झाली तर मिनिटात चारची होते, हे त्यांना दिसेल, आणि वाळूची घडी एका मिनिटाची का होती हेही कळेल.

मोठ्या विद्यार्थ्यांकडून चार प्रश्न पाठ करून घ्यावेत. घरात कोणी आजारी असेल तर ते डॉक्टरांना नम्रपणे विचारता येतात. या तपासणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल? होकार आला तर काय करायचे आणि नकार आला तर काय? ती आज करणे योग्य की दोन दिवसांनी? आणि रिपोर्ट येईपर्यंत मुलाकडे काय पाहत राहायचे?

चौथ्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग शाळेच्या फलकावर पावसाळाभर लिहून ठेवता येईल. मूल पाणी किंवा दूध पीत नाही, घेतलेले सर्व उलटून टाकते, झटके येतात, गुंगीत आहे किंवा नीट जागे होत नाही, श्वास भरभर चालतो किंवा छाती आत ओढली जाते, यांपैकी काहीही दिसले तर लॅबच्या रांगेत थांबायचे नाही. मुलाला घेऊन थेट रुग्णालयात जायचे. तपासण्या तिथे होतील.